जगाला नावे ठेवणारा डॉक्टर

डिसेंबर उजाडला की ठाण्यातल्या आणि डोंबिवलीतल्या नर्सऱ्यांमध्ये ‘ख्रिसमस ट्री’च्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसतात. गंमत अशी, की युरोपात ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते हे झाड नव्हेच. तिकडचे पारंपरिक झाड म्हणजे स्प्रूस. आपल्याकडे कुंडीत मिळतो तो बहुधा अरोकॅरिया, आणि त्याचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर. दोन्ही सूचिपर्णी, पण दोघांचे घराणे वेगळे. एका नावाखाली दोन झाडे खपतात आणि कुणाचे काही बिघडत नाही.

आता तिथल्याच भाजीवाल्याकडे वळा. लिंबांच्या ढिगात एखाद्या लिंबाच्या सालीवर खरखरीत तपकिरी ठिपके दिसतील. शेतकरी त्याला खैऱ्या म्हणतात, कृषी खात्याची माणसे कँकर म्हणतात. हा रोग एका जिवाणूमुळे होतो. माणसाला त्यापासून काही होत नाही, पण बागाईतदाराचे मोठे नुकसान होते. म्हणजे इथे एकाच रोगाची दोन नावे, आणि ज्याच्यामुळे तो होतो त्या जिवाणूचे नाव या दोन्हींत नाहीच.

स्प्रूसचे झाड आणि लिंबाचा हा जिवाणू यांची तुलना करायची तरी कशी? झाड चाळीस-पन्नास मीटर उंच वाढते. जिवाणू मिलिमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम दोन भागांएवढा. स्वीडनमध्ये एका स्प्रूसच्या मुळाचे वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघाले आहे, तर जिवाणूच्या पिढ्या काही तासांत बदलतात. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी स्प्रूसचा जनुकीय आराखडा वाचला, तेव्हा त्यात सुमारे वीस अब्ज अक्षरे निघाली. माणसात ती तीन अब्जांच्या घरात असतात. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली वाचलेल्या लिंबाच्या जिवाणूत ती अवघी बावन्न लाखांच्या आसपास. झाडाच्या पेशीला केंद्रक आहे, जिवाणूला नाही. त्या हिशेबाने स्प्रूस हा जिवाणूपेक्षा तुम्हाआम्हांला जवळचा नातेवाईक ठरतो.

तरीही या दोघांत एक गोष्ट सारखी आहे. एकाचे नाव पिसिया अबीस, दुसऱ्याचे झँथोमोनास सिट्री. दोन शब्द, आधी आडनाव आणि मग नाव, जसे आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर छापतात. ही रीत घालून देणारा कार्ल लिनिअस वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत आहे. तो पेशाने डॉक्टर होता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

लिनिअसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोसहुल्ट या खेड्यात झाला. त्या काळी तिथल्या साध्या कुटुंबांत आडनाव नसे, वडिलांच्या नावावरच काम भागे. त्याच्या वडिलांना विद्यापीठात नाव नोंदवताना आडनाव लागले, म्हणून त्यांनी घराजवळच्या एका जुन्या लिंडेन वृक्षावरून ‘लिनिअस’ हे आडनाव घेतले. पुढे जगभरच्या झाडांना आडनावे देणाऱ्या माणसाचे स्वतःचे आडनाव असे एका झाडावरून आले होते.

वडील धर्मोपदेशक होते आणि त्यांना बागेचा नाद होता. मुलानेही धर्मोपदेशकच व्हावे अशी घरची इच्छा. पण शाळेत त्याचे त्या विषयांत लक्ष लागेना, आणि शिक्षकांनी वडिलांना तसे स्पष्ट सांगितले. तेव्हा त्याच गावात शिकवणारे डॉक्टर रोथमन मध्ये पडले. मुलाला वैद्यकाकडे वळवा, असे त्यांनी सुचवले आणि त्याला स्वतः शिकवायला घेतले. १७२७ मध्ये तो लुंडला आणि पुढच्या वर्षी उप्सालाला वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून गेला. त्या काळी बहुतेक औषधे वनस्पतींपासून बनत. झाड ओळखता न येणारा डॉक्टर रुग्णाला काय पाजेल याचा नेम नसे, म्हणून वनस्पतिशास्त्र हा वैद्यकाचाच भाग होता. उप्सालात पैशाची चणचण होती. ओलोफ सेल्सिअस या विद्वान धर्मोपदेशकाने त्याचे झाडांचे ज्ञान पाहून त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. १७३० मध्ये, स्वतः विद्यार्थी असतानाच, तो इतरांना वनस्पतिशास्त्र शिकवू लागला.

१७३२ मध्ये पंचविशीतला लिनिअस एकटाच उत्तरेकडच्या लॅपलंडच्या प्रवासाला निघाला. स्प्रूस आणि पाइनची जंगले, दलदल, डास आणि रेनडियर पाळणारे सामी लोक. तिथे त्याने नुसती झाडे गोळा केली नाहीत. लोक काय खातात, कशाने आजारी पडतात, पाइनच्या आतल्या सालीचे पीठ टंचाईच्या दिवसांत भाकरीत कसे मिसळतात, हेही टिपून ठेवले. आहार आणि आरोग्य यांचा संबंध शोधण्याची ही सवय त्याला आयुष्यभर पुरली.

१७३५ मध्ये फालुन या खाणींच्या गावी सारा लिसा मोरेआ हिच्याशी त्याचे लग्न ठरले. तिचे वडील डॉक्टर होते. जावयाने आधी परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी आणावी, असे ठरले. लिनिअस हॉलंडमधल्या हार्डरवाइकला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत पदवी घेऊन मोकळा झाला, कारण प्रबंध तो घरूनच लिहून घेऊन गेला होता. त्याचा विषय होता ठरावीक दिवसांनी चढणारा ताप, म्हणजे आपला हिवताप. चिकणमातीच्या प्रदेशात हा ताप अधिक दिसतो, हे त्याचे निरीक्षण. त्यावरून त्याने असा तर्क केला, की पाण्यातून मातीचे बारीक कण पोटात जातात आणि लहान रक्तवाहिन्या तुंबवतात. साचलेल्या पाण्याचा प्रदेश त्याने बरोबर हेरला होता, पण डास त्याच्या लक्षात आला नाही. ते कळायला आणखी दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

त्याच वर्षी हॉलंडमध्ये त्याचे ‘सिस्टिमा नॅचुरी’ प्रसिद्ध झाले. पहिली आवृत्ती म्हणजे मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने. खनिजे, वनस्पती आणि प्राणी यांची सारी सृष्टी त्यात कोष्टकांत बसवलेली. वनस्पतींची विभागणी त्याने फुलांतल्या पुंकेसरांच्या आणि स्त्रीकेसरांच्या संख्येवरून केली. ही पद्धत इतकी सोपी होती, की शेतात उभा असलेला नवखा माणूससुद्धा फूल उघडून मोजू शके. फुलांच्या लैंगिकतेची अशी उघड चर्चा काहींना अश्लील वाटली. सेंट पीटर्सबर्गचे योहान सीगेसबेक यांनी त्यावर कडाडून टीका केली. त्यांचे नाव लिनिअसने एका क्षुल्लक, चिकट तणाला देऊन टाकले. मराठीत ‘नावे ठेवणे’ याचे जे दोन अर्थ होतात, ते दोन्ही या माणसाने एका झटक्यात साधले. ते तण आजही सीगेसबेकिया म्हणूनच ओळखले जाते.

हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाने त्याला घरचा डॉक्टर आणि बागेचा प्रमुख म्हणून ठेवले. १७३८ मध्ये तो परत आला आणि त्याने स्टॉकहोममध्ये दवाखाना थाटला. सुरुवातीला रुग्णच फिरकेनात. मग लैंगिक आजार झालेले तरुण येऊ लागले, कारण इतरांकडे जायची त्यांना लाज वाटे. त्यांना गुण आला आणि बोलबाला झाला. १७३९ मध्ये तो नौदलाचा डॉक्टर झाला, स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी त्याचे लग्नही पार पडले. १७४१ मध्ये त्याला उप्सालात वैद्यकाचे प्राध्यापकपद मिळाले. वनस्पतिशास्त्र, औषधी द्रव्ये आणि आहारशास्त्र हे विषय त्याने आपल्याकडे घेतले. आहारावरची त्याची व्याख्याने फार गाजली. आपली संधिवाताची दुखणी रानस्ट्रॉबेरी खाऊन बरी झाली, असे तो ठामपणे मानत असे. एका रुग्णाचा, तोही स्वतःचा, अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, ही शिस्त वैद्यकात पुष्कळ नंतर आली.

१७५३ मध्ये ‘स्पेसीज प्लँटारम’ हा ग्रंथ आला. त्यात सुमारे सहा हजार वनस्पती आहेत. तोवर झाडाचे नाव म्हणजे त्याचे वर्णन असे, कधीकधी दहा-बारा लॅटिन शब्दांचे. नवे झाड सापडले की जुन्यापासून वेगळे दाखवण्यासाठी वर्णन आणखी लांबायचे. लिनिअसने लांब वर्णन तसेच ठेवले, पण शेजारी समासात एक छोटा शब्द लिहिला. आडनाव अधिक हा शब्द, एवढ्यावर झाड ओळखता येई. त्याच्या लेखी ही निव्वळ सोय होती, पण जगाने नेमकी तीच उचलली. आजही वनस्पतींच्या नावांचा हिशेब १७५३ पासून धरला जातो आणि प्राण्यांचा १७५८ पासून.

या ग्रंथात आपल्या अंगणातली पुष्कळ झाडे आहेत. आंबा, चिंच, वड आणि पिंपळ यांची आजची शास्त्रीय नावे लिनिअसने दिलेली आहेत. तो भारतात कधी आला नाही. इथल्या झाडांसाठी त्याचा मोठा आधार होता ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे कोचीनच्या डच अंमलदाराने, व्हान रीडने, करवून घेतलेला बारा खंडांचा ग्रंथ. त्याच्या पहिल्या खंडात १६७५ सालचे एक प्रमाणपत्र आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. खाली नावे आहेत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट यांची. गोव्याहून कोचीनला गेलेल्या समाजातले हे तिघे वैद्य. झाडांचे गुणधर्म आपण आपल्या ग्रंथांतून आणि अनुभवातून तपासून सांगितले, अशी ग्वाही त्यांनी दिली आहे. या वैद्यांच्या आणि मलबारच्या इट्टी अच्युतन या वैद्याच्या ज्ञानावर जी पाने उभी राहिली, त्यांवर लिनिअसने विसंबून नावे दिली. सोनचाफ्याला त्याने मिशेलिया चंपाका म्हटले. आजही त्या नावात आपला चंपक आहे.

सोनचाफ्याचे आडनाव मात्र आता बदलले आहे. मिशेलियाचे मॅग्नोलिया झाले, चंपाका कायम राहिले. स्प्रूसचेही असेच झाले. लिनिअसने स्प्रूस, फर, लार्च आणि देवदाराचा भाऊ सीडर या सगळ्यांना पाइनच्या एकाच आडनावाखाली घातले होते. स्प्रूसचे नाव होते पायनस अबीस. पुढच्यांनी बारकाईने पाहिले, कुटुंबे वेगळी केली आणि स्प्रूसला पिसिया हे आडनाव मिळाले. अबीस तसेच राहिले.

लिंबाच्या जिवाणूची कहाणीही याच चालीची आहे, फक्त दीडशे वर्षांनी उशिरा सुरू झालेली. जिवाणूंमुळे झाडे आजारी पडतात हे अमेरिकेत थॉमस बरिल यांनी १८८० च्या सुमारास नासपतीच्या रोगावर दाखवले. लिंबावरचा कँकर आधी बुरशीचा रोग मानला जाई. १९१५ मध्ये क्लारा हासे या अमेरिकी कृषी खात्यातल्या संशोधक स्त्रीने त्यामागचा जिवाणू वेगळा काढला आणि त्याला स्युडोमोनास सिट्री म्हटले. पुढे आडनाव झँथोमोनास झाले, कारण हे जिवाणू काचेच्या बशीत वाढवले की पिवळी वसाहत करतात आणि ग्रीक भाषेत झँथोस म्हणजे पिवळा. मग काही काळ त्याला दुसऱ्या जातीचा पोटप्रकार ठरवले गेले, आणि पुन्हा झँथोमोनास सिट्री म्हणून त्याची स्वतंत्र ओळख मान्य झाली. आडनाव बदलले, वाद झाले, पण सिट्री हा धागा तुटला नाही, म्हणून १९१५ चे निरीक्षण आजच्या संशोधकाला सापडते. या कुळाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात म. क. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ ते १९५३ च्या दरम्यान आंबा, चिंच, बेल अशा झाडांवरच्या झँथोमोनास जिवाणूंना नावे दिली. डाळिंबावरचा तेल्या रोगही याच कुळातला. झाडांची नावे १७५३ पासून मोजतात, तर जिवाणूंची नवी यादी १ जानेवारी १९८० पासून धरतात, कारण मधल्या काळात त्यांच्या नावांचा इतका गोंधळ माजला होता की पाटी कोरी करावी लागली.

लिनिअसला जिवाणू माहीत होते का? हॉलंडमधल्या लेव्हेनहूकने ते त्याच्या जन्माआधीच भिंगातून पाहिले होते. पण लिनिअसच्या कोष्टकात त्यांना धड जागा मिळाली नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी त्याने शेवटी एक कप्पा केला आणि त्याचे नाव ठेवले ‘केऑस’, म्हणजे गोंधळ. अंगावर पुरळ आणणाऱ्या तापांचा संसर्ग कशाने होतो, हा प्रश्नही त्याने तिथेच टाकून ठेवला. १७५७ मध्ये त्याच्या हाताखालच्या एका विद्यार्थ्याने, असे आजार सूक्ष्म सजीवांमुळे होत असावेत, असे सांगणारा प्रबंध लिहिला. पाश्चर आणि कॉख यांच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. सिद्ध करायला साधने नव्हती, पण जे कळत नाही त्यासाठी त्याने वेगळी रिकामी जागा राखून ठेवली. १७६३ मध्ये त्याने रोगांचीही वर्गवारी केली. आज मृत्यूच्या दाखल्यावर जो रोगाचा सांकेतिक क्रमांक लिहिला जातो, त्या आंतरराष्ट्रीय यादीच्या पूर्वजांत लिनिअसचे हे काम गणले जाते.

या कामाची किंमत इतरांनीही मोजली. झाडे आणायला त्याने आपले विद्यार्थी जगभर धाडले. टर्नस्ट्रोम १७४६ मध्ये चीनच्या वाटेवर गेला, हासेलक्विस्ट १७५२ मध्ये तुर्कस्तानात, लोफलिंग १७५६ मध्ये व्हेनेझुएलात तापाने. पेटर फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने गेला. ज्या तापावर गुरूने डॉक्टरकी मिळवली, त्याच तापाने शिष्याचा बळी घेतला. टर्नस्ट्रोमच्या विधवेने नवऱ्याच्या मृत्यूचा दोष लिनिअसला दिला होता. त्यानंतर त्याने अविवाहित तरुणच पाठवायचे ठरवले. दुसरी एक गोष्ट अधिक लांबवर झोंबली. माणसांची विभागणी करताना त्याने चार खंडांच्या लोकांना वेगवेगळे स्वभाव चिकटवले, आणि युरोपीय माणसाला अर्थातच चांगले गुण दिले. फुलाचे केसर मोजावेत तसे माणसाचे स्वभाव मोजता येत नाहीत, पण हे कोष्टक पुढे वंशभेदाच्या कामी आले. नाव देणे आणि शिक्का मारणे यांतला फरक त्याला तिथे राखता आला नाही.

राजाने त्याला उमराव केले. उप्सालाजवळ हामरब्यू येथे त्याने शेतवाडी घेतली. १७७४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, नंतर आणखी एक. मेंदूच्या रक्तवाहिन्या अशा वारंवार तुंबल्या की स्मृती जाते, आणि बहुधा आधी जातात ती नावे. आपलीच पुस्तके चाळून तो खूश होई, पण ती कुणाची हे त्याला कळत नसे. शेवटी त्याला स्वतःचे नावही आठवेना, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. १० जानेवारी १७७८ रोजी उप्सालात त्याचे निधन झाले. त्याचा संग्रह पुढे लंडनला गेला आणि १७८८ मध्ये तिथे त्याच्या नावाने लिनिअन सोसायटी उभी राहिली.

या माणसाची घालून दिलेली रीत रोज सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वापरली जाते. पावसाळ्यात ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात हिवतापाचे रुग्ण येतात. अहवालात आडनाव एकच, प्लाझ्मोडियम. पण पुढचे नाव व्हायव्हॅक्स असेल, तर यकृतात दडून बसलेल्या परजीवीसाठी चौदा दिवस वेगळी गोळी घ्यावी लागते, नाही तर ताप काही महिन्यांनी परततो. फाल्सिपेरम असेल, तर औषध वेगळे आणि घाई जास्त, कारण तो मेंदूवर जातो. त्या एका शब्दावर उपचार ठरतो. रक्त किंवा लघवी ‘कल्चर’ला पाठवतात तेही जिवाणूचे पूर्ण नाव आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे कळावे म्हणून. लिंबाच्या कँकरवर जी पावडर फवारली जात आली, तिच्यात अनेकदा स्ट्रेप्टोमायसिन असे, आणि तेच औषध क्षयरोगाच्या रुग्णांनाही दिले गेले आहे. झाडाचा जिवाणू आणि माणसाचा जिवाणू वेगळे असले, तरी त्यांच्याविरुद्धची औषधे थोडीच आहेत. ती नाव न बघता उधळली, तर शेतात आणि वॉर्डात दोन्हीकडे निकामी होतील.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. ‘कावीळ झाली होती’, ‘इन्फेक्शन होते’, ‘ताप मलेरियाचा होता’ एवढ्यावर थांबू नका. कावीळ ए किंवा ई असेल तर ती बहुधा दूषित पाण्या-अन्नातून आली, बी किंवा सी असेल तर रक्तातून आली असण्याची शक्यता मोठी, आणि मग घरच्यांचीही तपासणी करावी लागते. अहवालात छापलेले पूर्ण नाव डॉक्टरांना विचारून घ्या, तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत आणा. नाव अजून लागलेले नसेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगू द्या. लिनिअसनेही न कळलेल्या गोष्टींसाठी एक कप्पा ठेवलाच होता.